‘कार्ड गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

आमच्या घरात ‘ड्रायव्हर’ हा शब्द गेल्या मार्चपर्यंत एकाच अर्थाने चालत होता. एस.टी.चा ड्रायव्हर, रिक्षाचा ड्रायव्हर, फार तर लग्नाला भाड्याने केलेल्या गाडीचा ड्रायव्हर. त्यामुळे एका शुक्रवारी रात्री धाकटे भाऊजी डोक्याला हात लावून म्हणाले, “वहिनी, ड्रायव्हर क्रॅश झाला,” तेव्हा सासूबाई जपमाळ हातात घेऊनच बाहेर आल्या. “कुठं? फार लागलं का रे त्याला?”

भाऊजींनी त्यांना समजावून सांगितलं, की हा ड्रायव्हर माणूस नाही, कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाला चालवणारा एक प्रोग्राम आहे. “मग बिनलायसनचा असेल,” असा निकाल देऊन सासूबाई आत गेल्या. आम्ही हसलो खरे, पण तो शब्द त्यानंतर दहा दिवस आमच्या घरात मुक्कामाला होता, आणि त्याच्यापायी 28,000 रुपये जायची वेळ आली होती. म्हणून हा लेखप्रपंच. ज्यांच्या घरी गेम खेळणारा मुलगा, भाचा, पुतण्या किंवा दीर आहे (आणि मुलगीसुद्धा, बरं का! माझ्या शिकवणीतल्या दोघी चांगल्या पट्टीच्या खेळणाऱ्या आहेत), त्या मैत्रिणींना आज ना उद्या हा शब्द ऐकावा लागणारच आहे.

आमचा कॉम्प्युटर 2021 सालचा. भाऊजींनी पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून सुटे भाग आणले आणि स्वतः बसून जोडला. रात्री दहानंतर तो त्यांचा. कॉलेजचे चार मित्र आता चार गावांना पांगलेत, ते टाळेबंदीच्या काळापासून आठवड्यातून तीनदा एकत्र खेळतात. ह्यांना ते आवडत नाही. “तीस वर्षांचा घोडा होत आला आणि खेळतोय काय!” मला तसं वाटत नाही. आमचे सासरे रोज रात्री वाड्यातल्या मंडळींबरोबर रमीचा डाव टाकून बसत, त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. दिवसा तोच कॉम्प्युटर माझा असतो. शाळेच्या प्रश्नपत्रिका, घटक चाचण्या, निकालाचे तक्ते, सगळं त्यावरच. तेव्हा तो बंद पडला की एकट्या भाऊजींचंच अडत नाही.

झालं ते असं. गुरुवारी रात्री पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली, की ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची नवीन आवृत्ती आली आहे. भाऊजींनी ती उतरवून घेतली. सहाशे-सातशे एमबीचं प्रकरण असतं ते, एखाद्या सिनेमाएवढं! शुक्रवारी खेळताना पडदा एकदम काळा झाला, दोन-तीन सेकंदांनी परत आला, आणि गेम बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. शनिवारी सकाळी मी प्रश्नपत्रिका काढायला बसले तर पडद्यावर सगळीच अक्षरं भली मोठी, चित्रं पसरट. विंडोजने त्या ड्रायव्हरचा नाद सोडून आपला साधासुधा, कामापुरता ड्रायव्हर लावला होता. सासूबाईंना मात्र तो बदल पसंत पडला. “आता कसं, चष्म्याशिवाय दिसतंय!”

रविवारी भाऊजी सीपीयूचा डबा स्कूटरवर पायांत धरून दुकानात घेऊन गेले. दुकान कुठलं ते लिहीत नाही, गाव लहान आहे. दुकानदाराने चालू करून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, “कार्ड गेलं. चार वर्षं चालली, पुष्कळ झालं. नवीन टाका, 28,000 पर्यंत चांगलं बसेल. हप्ते करून देतो.”

आता आमच्या घरात 28,000 रुपये नव्हते असं नाही. 35,000 बाजूला काढलेले होते, ते गच्चीसाठी. गेले दोन पावसाळे सासूबाईंच्या खोलीत कोपऱ्यात पातेलं ठेवावं लागतं. मे महिन्यात गच्चीला रसायन लावून घ्यायचं, हे दिवाळीलाच ठरलेलं. भाऊजींनी ते पैसे मागितले नाहीत, मागणारही नव्हते. ते म्हणाले, “मी हप्त्यांवर घेतो.” पण गच्चीच्या पैशांत त्यांचाही निम्मा वाटा होता, आणि दरमहा हप्ता सुरू झाला की तो वाटा कुठून येणार, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. हे म्हणाले, “खेळापायी 28,000? विकून टाक ते धूड.” भाऊजी ताटावरून अर्ध्या जेवणात उठले.

मी त्या रात्री भांडी आवरताना एकच विचार करत होते. ‘गेलं’ म्हणजे काय? मिक्सर जातो तेव्हा जळका वास येतो. गिझर जातो तेव्हा पाणी तापत नाही. हे कार्ड गुरुवारी रात्री नऊपर्यंत उत्तम चालत होतं, ते पडलं नाही, भिजलं नाही, विजेचा झटका बसला नाही. मग गुरुवार आणि शुक्रवारच्या मध्ये घडलं काय? मुलांना इतिहास शिकवताना मी नेहमी हेच विचारते, आधी काय होतं, नंतर काय झालं, मधे काय बदललं? इथे मधे बदललेली गोष्ट एकच होती, ड्रायव्हर.

सकाळी भाऊजींना म्हटलं, “हा ड्रायव्हर करतो तरी काय, मला मराठीत सांगा.” त्यांनी सांगितलं ते मला पटलं, म्हणून तसंच देते. गेम लिहिणारा माणूस हजार तऱ्हेच्या कार्डांसाठी वेगवेगळा गेम लिहू शकत नाही. तो डायरेक्टएक्स किंवा व्हल्कन नावाच्या एका ठरलेल्या भाषेत हुकूम देतो: इथे भिंत काढ, तिथे सावली टाक, पाणी हलव. कार्डाची स्वतःची बोली निराळी, ती दर पिढीला बदलते. मधे बसून एकाचं दुसऱ्याला समजावून सांगणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. आता दुभाषीच चुकायला लागला तर पाहुणा आणि यजमान दोघंही धडधाकट असून घरात भांडण होणारच! विंडोजची या बाबतीत एक सवय आहे. कार्डाकडून साधारण दोन सेकंद उत्तर आलं नाही, की ते अडकलं असं समजून विंडोज त्याला नव्याने सुरू करतं. तो आमचा काळा पडदा.

मग दुभाषी चुकतोय की कार्डच मेलंय, हे ओळखायचं कसं? यासाठी दुकानात जावं लागत नाही, ही माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगते. कॉम्प्युटर सुरू करताना विंडोज येण्याच्या आधी मदरबोर्ड कंपनीची खूण दिसते, किंवा एखादं बटण दाबून ती सेटिंगची निळी-काळी पाटी उघडता येते. त्या क्षणी कंपनीचा ड्रायव्हर जागाच झालेला नसतो. तिथेच जर पडद्यावर रेघा, चौकटी, रंगीत ठिपके दिसत असतील, तर कार्ड, वायर किंवा पडदा यांपैकी कशात तरी खरा बिघाड असण्याची शक्यता मोठी. तिथे सगळं स्वच्छ दिसलं आणि विंडोज आल्यावर, विशेषतः गेम सुरू केल्यावर गोंधळ झाला, तर संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा. (उष्णतेमुळेही असं होतं. डबा उघडून पंख्यावरची धूळ झाडून बघा. आमच्या पंख्यावर तर वातीला पुरेल एवढा कापूस निघाला.) दुसरी परीक्षा ‘सेफ मोड’ची. त्यात विंडोज नुसती गरजेपुरती मंडळी घेऊन उठतं, ग्राफिक्सचा खास ड्रायव्हर घेत नाही. सेफ मोडमध्ये आमचा कॉम्प्युटर दुपारभर चालत राहिला. मी त्यात मुद्दाम सातवीची कच्ची प्रश्नपत्रिका टाइप केली. एकदाही पडदा काळा झाला नाही.

“भाऊजी,” मी म्हटलं, “हप्त्याचा कागद अजून सही करू नका.”

सोमवारी संध्याकाळी आम्ही बसलो. भाऊजी हाताने, मी वहीने. पहिला उपाय सोपा असतो. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये कार्डाच्या नावावर जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ म्हणायचं, म्हणजे आधीची आवृत्ती परत येते. पण आधीची शिल्लक ठेवलेली असेल तरच ते बटण दाबलं जातं. आमचं फिकट पडलेलं होतं. तेव्हा दुसरा उपाय. कार्ड कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून गुरुवारच्या आधीची आवृत्ती उतरवून घेतली. मग इंटरनेटची वायर काढली. हे फार महत्त्वाचं आहे हं, कारण ड्रायव्हर नाहीसा झालेला दिसला की विंडोज मदत करायच्या हौसेने आपल्याकडचा कुठला तरी आणून बसवतं. पाहुणे येण्याआधी शेजारीण आपल्या स्वयंपाकघरात शिरून भाजी फोडणीला टाकते ना, तसं. मग सेफ मोडमध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाने नव्या-जुन्याचे सगळे अवशेष पुसून काढले. गेम खेळणारी मंडळी त्याला नुसतं ‘डीडीयू’ म्हणतात. नंतर जुनी आवृत्ती बसवली, मशीन पुन्हा सुरू केलं, वायर जोडली.

गेम सुरू झाला. पहिली दहा मिनिटं अडखळत चालला आणि माझ्या पोटात गोळा आला. पण भाऊजी म्हणाले, ते चालायचंच. ड्रायव्हर बदलला की पूर्वी तयार करून ठेवलेला मालमसाला, म्हणजे शेडरचा साठा, बाद होतो आणि तो पुन्हा वाटावा लागतो. पुढे गाडी सुरळीत झाली. रात्री साडेअकरापर्यंत चारही मित्र खेळले. ह्यांनी मधे एकदा डोकावून विचारलं, “किती खर्च आला?” “वीज,” मी म्हटलं.

कार्ड कुठल्या कंपनीचं हे मी मुद्दामच लिहिलं नाही. लिहून उपयोगही नाही, कारण मी नंतर या प्रकरणाची जी माहिती जमवली (बी.ए. इतिहास घेऊन केलं त्याचा हा फायदा, किंवा खोड म्हणा), तिच्यावरून कुठल्याच कंपनीने दुसरीला हसावं अशी परिस्थिती नाही. 2007 साली विंडोज व्हिस्टा नवी होती. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टकडे जे क्रॅश नोंदले गेले, त्यांतले 28.8 टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खाती होते आणि 17.9 टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या. हे आकडे पुढे अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले, आपण होऊन कुणी सांगितले नव्हते. मार्च 2010 मध्ये एनव्हिडियाची 196.75 ही आवृत्ती आली आणि काही कार्डांचे पंखेच नीट फिरेनात. कार्डं तापू लागली. काही दिवसांतच कंपनीला ती मागे घ्यावी लागली. नोव्हेंबर 2015 मध्ये तोच पंख्याचा घोळ एएमडीच्या नव्या ‘क्रिमसन’ सॉफ्टवेअरने घातला, तोही घाईघाईने दुरुस्त करावा लागला.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो ऑक्टोबर 2023 च्या प्रकरणाचा. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये ‘अँटी-लॅग प्लस’ नावाची सोय आली. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ कमी करणारी. चांगलीच गोष्ट. पण ती सोय गेमच्या आतल्या हुकमांत हात घालून हे काम करत होती. ‘काउंटर-स्ट्राइक 2’ या गेमच्या पहारेकऱ्याला वाटलं, हा खेळाडू लबाडी करतोय. झालं, त्याच्यावर बंदी! ज्याने कंपनीने दिलेलं बटण कंपनीच्या सांगण्यावरून चालू केलं, तो चोर ठरला. एएमडीने ती सोय काढून घेतली, आणि गेमच्या कंपनीने, व्हॉल्व्हने, अशा खेळाडूंवरच्या बंद्या नंतर उठवल्या. वर्गात एखाद्या मुलाच्या दप्तरात दुसऱ्यानेच कॉपी ठेवावी आणि पर्यवेक्षकाने त्याला उठवावं, तसला प्रकार. पुढे निर्दोष सुटला तरी ते चार दिवस त्याला कसे गेले असतील!

सासूबाईंच्या लायसनचं मात्र मी शोधून काढलं. असतं! मायक्रोसॉफ्टकडे ड्रायव्हरची तपासणी होते आणि पास झालेल्यावर त्यांची सही असते. ‘डब्ल्यूएचक्यूएल’ अशी ती खूण. पण लायसन असलेल्या ड्रायव्हरच्या हातून अपघात होत नाहीत असं थोडंच आहे? तपासणी ठरावीक परीक्षांची. घरोघरी डबे निराळे, कार्डं निराळी, बाकीचे प्रोग्रामही निराळे. सगळ्यांच्या घरची चूल कोण तपासणार?

आणि हा ड्रायव्हर बसतो तरी कुठे? त्याचा एक भाग कॉम्प्युटरच्या अगदी माजघरात असतो, ज्याला ते ‘कर्नल’ म्हणतात. ओसरीवरचा प्रोग्राम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. माजघरातला बिघडला तर सगळं घर ठप्प. 19 जुलै 2024 चा दिवस पुष्कळांना आठवत असेल. विमानतळांवर कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्हता. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं ते सदोष अपडेट होतं. पण त्याचाही मुक्काम माजघरातच होता, म्हणून जगभरचे सुमारे 85 लाख कॉम्प्युटर एकदम आडवे झाले.

हे सगळं वाचून “मग अपडेट घ्यायचंच नाही” असं ठरवाल, तर थांबा. ह्यांनी तेच ठरवलं होतं. “चालतंय ना, मग हात लावायचा नाही,” हा त्यांचा स्कूटरपासून लग्नसंबंधांपर्यंत सगळीकडचा नियम. माजघरात बसलेल्या प्रोग्रामला भोक असेल तर त्यातून चोरही माजघरातच येणार. अशी भोकं ड्रायव्हरमध्ये सापडत असतात, कंपन्या ती वेळोवेळी जाहीर करतात आणि बुजवलेली आवृत्ती देतात. शिवाय नुसत्या अपडेटने कार्डाचं भाग्य उजळल्याची उदाहरणंही आहेत. इंटेलने 2022 साली ‘आर्क’ नावाची कार्डं बाजारात आणली, तेव्हा जुने, डायरेक्टएक्स 9 वरचे गेम त्यांच्यावर फारच रडतखडत चालत. त्या वर्षाच्या शेवटापासून ड्रायव्हर सुधारत गेले आणि तीच कार्डं, एक स्क्रूही न बदलता, ते गेम कितीतरी वेगाने चालवू लागली. नवा गेम येतो त्या दिवशीच त्याच्यासाठी नवा ड्रायव्हर येतो तो याचसाठी. खेळणाऱ्याला तो हवाच असतो. ज्याला पुढचे सहा महिने जुनाच गेम खेळायचा आहे, त्याने मात्र पहिल्या दिवशी रांगेत उभं राहायची काही गरज नाही. नव्या लोणच्याची बरणी आम्ही आठवडाभर तरी उघडत नाही. बाकीच्यांना आधी खाऊ द्यावं!

आता एक वेगळी गोष्ट, आणि ही मला खरोखर टोचते. माझ्या माहेरी भाच्याकडे 2017 साली घेतलेलं ‘जीटीएक्स 1060’ कार्ड आहे. हे कार्ड जुलै 2016 मध्ये आलं आणि ‘स्टीम’ या गेमच्या दुकानाच्या पाहणीत कित्येक वर्षं सर्वांत जास्त खेळाडूंकडे असलेलं कार्ड म्हणून पहिल्या नंबरावर होतं. 2022 च्या अखेरीला कुठे ‘1650’ ने त्याला मागे टाकलं. म्हणजे जगभरच्या बेताच्या मिळकतीच्या घरांतलं हे कार्ड. एनव्हिडियाने 2025 च्या उन्हाळ्यात जाहीर केलं, की या पिढीला आणि तिच्या मागच्या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 नंतर मिळणार नाहीत. त्यानंतर ऑक्टोबर 2028 पर्यंत तीन महिन्यांनी एकदा फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. योगायोग असा, की 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चाही नियमित आधार संपला. एक वर्षाची वाढीव मुदत मागून घेता येते, तेवढंच. आणि विंडोज 11 वर जायचं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सोय लागते. 2017 च्या कितीतरी मशीनमध्ये ती अट बसत नाही.

भाच्याचा फोन आला, “आत्या, माझं कार्ड बाद झालं म्हणे. ओएलएक्सवर टाकू का?”

मी त्याला विचारलं, “काल चालत होतं?” “हो.” “आज?” “आजही चालतंय.” मग बाद कशाने झालं? नवऱ्या मुलाने नवी पँट शिवली म्हणून वडिलांची पँट फाटत नाही. आज जे गेम त्याच्यावर चालतात ते उद्याही तसेच चालतील. अडचण येणार ती नव्या गेमची, आणि तिथेही दोन प्रकार आहेत, ते सरसकट एकात मोजू नयेत. काही गेमना कार्डातच एक निराळी कला लागते, प्रकाशकिरणांचा हिशेब करण्याची, जी 1060 मध्ये जन्मतःच नाही. डिसेंबर 2024 मधला इंडियाना जोन्सचा गेम किंवा मे 2025 मधला ‘डूम : द डार्क एजेस’ हे तसे. तिथे कुठलाही ड्रायव्हर मदतीला येणार नाही, गोगलगायीला पंख लावण्यातला प्रकार. पण कधी कधी गेम बनवणारेच जुन्या कार्डांवर दया करतात. ‘ॲलन वेक 2’ हा गेम ऑक्टोबर 2023 मध्ये आला तेव्हा या पिढीवर त्याचे हाल होते. मार्च 2024 मध्ये त्यांनी स्वतःच्या गेममध्येच सुधारणा केली आणि तो बराच बरा चालू लागला. म्हणजे ‘करता येत नाही’ आणि ‘करायचं नाही’ यांत फरक असतो, आणि गिऱ्हाइकाला मात्र दोन्हींसाठी “नवीन घ्या” हे एकच उत्तर मिळतं.

टोचतं ते इथेच. माझ्या आईचं शिलाई मशीन तिच्या लग्नातलं. त्याचा पट्टा, बॉबिन, सुई आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. कंपनीने नाही दिली तर दुसरा कुणी देतो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर दुसरं कोण लिहिणार? लिनक्सवर काही कार्डांसाठी बाहेरची मंडळी लिहितात, एएमडीच्या जुन्या कार्डांना त्याचा चांगला उपयोगही होतो. पण विंडोजवर खेळणाऱ्या आमच्या भाच्याला दारं एकच. नऊ वर्षं ड्रायव्हर दिला, ही काही थोडी सेवा नाही, हे मी कबूल करते. या धंद्यात तेवढंही सगळे देत नाहीत. तरीसुद्धा ज्या वस्तूचा पंखा फिरतोय, पडदा दिसतोय, तिला ‘जुनी’ म्हणायचा दिवस तिच्या मालकाने न ठरवता दुसऱ्या कुणी तरी पत्रक काढून ठरवावा, हे माझ्या गळी उतरत नाही. भाच्याला सांगितलं, कार्ड विकू नकोस. सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील त्या घे. आणि बारावी होईपर्यंत नवीन गेमचं नावही काढू नकोस. शेवटच्या वाक्याचा ड्रायव्हरशी संबंध नव्हता, पण आत्या म्हटल्यावर एवढा हक्क असतोच.

दुकानदाराचं राहिलंच. भाऊजी त्याला सांगायला गेले, की कार्ड चालतंय. तो म्हणाला, “चालेल चार दिवस.” त्याला आता आठ महिने झाले. मला तो लबाडच होता असं म्हणायचं नाही. रविवारची गर्दी, पाच मिनिटांत निदान, आणि नवीन विकण्यात नफा. डॉक्टरसुद्धा घाईत असले तर आपण दुसऱ्याला विचारतो. निदान “दुसऱ्या मशीनमध्ये हे कार्ड लावून दाखवा” एवढं तरी म्हणावं. ते काम पंधरा मिनिटांचं असतं, आणि कार्ड खरंच गेलं असेल तर तिथेच डोळ्यांना दिसतं. लॅपटॉपवाल्यांना ती सोय नाही. त्यांनी आधी लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर घालून पाहावा, कारण त्यात बहुधा दोन ग्राफिक्स असतात आणि बाहेरचा ड्रायव्हर दोघांशी जमवून घेईलच असं नाही. आणि पडदा काळा होऊन अडकला तर घाबरून मेन स्विच बंद करू नका. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर तेवढा नव्याने सुरू होतो, टाइप केलेलं जात नाही. माझे नववीचे 40 गुणांचे प्रश्न असेच वाचले.

गच्चीचं काम मेमध्ये झालं. या पावसाळ्यात पातेलं स्वयंपाकघरातच राहिलं. सासूबाईंसाठी भाऊजींनी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं दीडपट करून दिली आहेत, आणि त्यांचं म्हणणं असं, की बिघडल्याशिवायही हे करता येत होतं तर आधीच का नाही केलं.

कालनिर्णयच्या मार्चच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली, चालणाऱ्या आवृत्तीचा नंबर मी लिहून ठेवलाय. तिची फाइलही एका पेनड्राइव्हवर गॅसच्या पुस्तकाशेजारी आहे. काल रात्री कोपऱ्यात पुन्हा सूचना आली, नवीन ड्रायव्हर आला आहे म्हणून. भाऊजींचा हात माउसकडे गेला. सोमवारी मला सहामाहीच्या तीन प्रश्नपत्रिका छापायला द्यायच्या आहेत. “मंगळवारी,” मी म्हटलं.